सरपटणाऱ्यांना ऊन-सावली देणारी जोन प्रॉक्टर

लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये १९१३च्या सुमारास एक मुलगी गणिताच्या तासाला मगरीचे पिल्लू घेऊन आली. वर्गात काय गोंधळ उडाला असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल. ज्या मुलीने ते पिल्लू आणले होते, तिला मात्र त्यात काहीच विशेष वाटत नव्हते. दहा वर्षांची होती तेव्हापासून तिच्या घरात साप आणि सरडे होते. डाल्मेशियाच्या किनाऱ्याकडचा एक सरडा तर तिचा इतका लाडका की जेवणाच्या टेबलावरही तो तिच्याजवळ असे आणि प्रवासातही बरोबर असे. या मुलीचे नाव जोन ब्यूशँप प्रॉक्टर. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तिने सापसरड्यांसाठी जे घर बांधून घेतले, त्यातली एक कल्पना आज जगभरात कुठेही काचपेटीत अजगर किंवा कासव पाळणाऱ्याला उपयोगी पडते.

जोनचा जन्म ५ ऑगस्ट १८९७चा. वडील शेअर दलाल, घर सुखवस्तू. अभ्यासात ती हुशार होती आणि केंब्रिजला जाण्याची तिची इच्छा होती. पण लहानपणापासून आतड्यांच्या जुनाट दुखण्याने तिची पाठ धरली होती. शस्त्रक्रिया, अंथरुणातले दिवस, पुन्हा थोडे बरे वाटणे आणि पुन्हा दुखणे, असे चक्र तिच्यामागे आयुष्यभर लागले. त्या दुखण्याने केंब्रिजचा रस्ता बंद केला. पदवी नसलेल्या आणि सतत आजारी असणाऱ्या मुलीला त्या काळात विज्ञानात शिरायला दार जवळजवळ नव्हतेच.

ते दार उघडले जॉर्ज अल्बर्ट बूलेंजर यांनी. बूलेंजर हे ब्रिटिश म्युझियममध्ये मासे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या संग्रहाचे काम पाहत. भारतातल्या साप, सरडे, कासवे आणि बेडकांवरचा १८९०चा प्रसिद्ध ग्रंथ त्यांचाच. आपल्याकडच्या अभ्यासकांना तो अनेक वर्षे पुरला. शाळेत असतानाच जोन आपल्या प्राण्यांबद्दलचे प्रश्न घेऊन त्यांच्याकडे पोहोचली होती. १९१६ मध्ये शाळा संपली आणि बूलेंजर यांनी तिला हाताखाली घेतले. पुढच्याच वर्षी, वयाच्या १९व्या वर्षी, दक्षिण अमेरिकेतल्या एका विषारी सापावरचा निबंध तिने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला. १९२० मध्ये बूलेंजर निवृत्त होऊन बेल्जियमला गुलाबांच्या अभ्यासात रमले आणि म्युझियममधल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे काम २३ वर्षांच्या जोनकडे आले.

बरणीतले साप आणि जिवंत साप

म्युझियममधले काम बहुतेक बरण्यांतल्या नमुन्यांचे होते. खवले मोजायचे, हाडांची रचना पाहायची, जाती ओळखायच्या. जोन यांनी ते चोख केले. ऑस्ट्रेलियातल्या एका सरड्याचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचे आहे. पूर्व आफ्रिकेतल्या एका चपट्या कासवावरचा त्यांचा १९२२चा अभ्यास विशेष गाजला. हे कासव धोका दिसला की खडकाच्या फटीत शिरते, कारण त्याची पाठ इतर कासवांसारखी टणक घुमटाची नसते, ती सपाट आणि लवचिक असते. कवचाच्या हाडांत मोकळ्या जागा राहिल्याने ही लवचिकता येते आणि त्या जातीसाठी ती निरोगीपणाचीच खूण आहे.

पिंजऱ्यातल्या इतर कासवांचे कवच मऊ पडले तर मात्र तो आजार असतो. सरडे आणि मगरींच्या पिल्लांची हाडेही बंदिवासात वाकतात. हाडे मऊ पडत जाण्याचा हा विकार माणसाच्या मुलांमधल्या मुडदुसासारखाच आहे. आणि नेमका याच काळात मुडदुसाचा उलगडा होत होता. बर्लिनमधले डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले की अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवलेल्या मुलांचा मुडदूस बरा होतो. पुढच्या काही वर्षांत ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि उन्हाचा हाडांशी असलेला संबंध स्पष्ट झाला. कातडीवर अतिनील किरण पडले की शरीर ‘ड’ जीवनसत्त्व तयार करते, आणि त्याशिवाय अन्नातले कॅल्शियम हाडांपर्यंत नीट पोहोचत नाही.

१९२३ मध्ये जोन यांना लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुखाची जागा मिळाली. हे पद आधी बूलेंजर यांच्या मुलाकडे, एडवर्ड बूलेंजर यांच्याकडे होते. ते नव्या मत्स्यालयाकडे गेले. त्या मत्स्यालयातल्या टाक्यांमधले खडक आणि मांडणी जोन यांनीच आखून दिली होती. अजगर, नाग आणि मगरी एका २६ वर्षांच्या स्त्रीच्या ताब्यात, ही गोष्ट वर्तमानपत्रांना फार चमचमीत वाटली. बातम्यांमध्ये त्यांच्या धाडसाचेच कौतुक जास्त असे. जोन यांच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा होता. परदेशांतून जहाजाने आणलेले प्राणी लंडनच्या थंड, ढगाळ हवेत जगवायचे कसे?

सगळीकडे सारखी ऊब

सापसरड्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. भर दुपारी दगडावर ऊन खाणाऱ्या सरड्याचे रक्त आपल्या रक्तापेक्षा गरम असू शकते. फरक एवढाच की आपल्या शरीराची भट्टी आतून पेटलेली असते आणि त्यांना ऊब बाहेरून घ्यावी लागते. याचा फायदा असा की भट्टीला घालायचे इंधन वाचते; अजगर एकदा पोटभर जेवला की आठवडेच्या आठवडे काढतो. तोटा असा की ऊब मिळाली नाही तर शरीराचे सगळेच कारखाने थंडावतात. अन्न पचत नाही, पोटातच कुजू लागते आणि साप ते उलटून टाकतो. रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते, तोंडात जखमा चिघळतात, फुप्फुसांत संसर्ग होतो.

हे त्या काळच्या लोकांना ढोबळमानाने ठाऊक होते. त्यामुळे सापसरड्यांची घरे तापवली जात. मात्र पद्धत साधारण हरितगृहांची होती. बॉयलरमधले गरम पाणी नळ्यांतून फिरवायचे आणि सगळी खोली सारखीच उबदार ठेवायची. वाळवंटातला सरडा, जंगलातला अजगर आणि नदीतली मगर यांना एकच हवा. प्रत्येक पिंजऱ्यातही एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तेच तापमान.

निसर्गात कुठलाही सरडा असा राहत नाही. आपल्या अंगणातला सरडा पाहिला तरी हे कळते. सकाळी तो कुंपणावर ऊन घेत बसतो, अंग तापले की भक्ष्यामागे धावतो, दुपारी चटका वाढला की पानांच्या सावलीत किंवा बिळात शिरतो. दिवसभर ऊन आणि सावली यांच्यात येरझारा घालून तो आपले तापमान हवे तेवढे राखतो. एकाच तापमानाच्या पेटीत ठेवल्यावर या येरझारांना अर्थ उरत नाही. पेटी थोडी थंड असेल तर तो तिथून पळू शकत नाही, थोडी जास्त गरम असेल तरी पळू शकत नाही.

१९२७चे घर

नवे सरपटगृह बांधायचे ठरले तेव्हा जोन यांनी त्याचा आराखडा स्वतः आखला. वास्तुविशारद होते सर गाय डॉबर. पण आतले प्राणी कसे राहतील, प्रकाश कुठून येईल, ऊब कुठे असेल, हे ठरवले जोन यांनी. १९२७ मध्ये ही इमारत खुली झाली आणि जगातले आपल्या प्रकारचे सर्वांत प्रगत घर म्हणून तिचे नाव झाले.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे विजेवर चालणारी ऊब, तीही जागोजागी वेगवेगळी. गरम पाण्याची नळी जिथून जाते तिथे ती तापवतच जाते. विजेचे हिटर मात्र हवे तिथे बसवता येतात, कमीजास्त करता येतात, बंदही करता येतात. त्यामुळे एकाच इमारतीत वाळवंटाची कोरडी धग आणि जंगलातली दमट ऊब शेजारी शेजारी ठेवणे शक्य झाले. प्राण्याला शेकायला जागा आणि गरम झाले तर सरकायला गारवा, हे दोन्ही देता येऊ लागले.

दुसरी गोष्ट काचेची. साध्या खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण हाडांना लागणारे अतिनील किरण ती अडवते. म्हणजे काचेआडचा सरडा दिवसभर उन्हात बसला तरी त्याला हवे ते ऊन मिळत नाही. जोन यांनी अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच बसवली. मुडदुसाच्या संशोधनातून निघालेले ज्ञान इतक्या लवकर सापसरड्यांच्या घरात उतरले, हे आजही थक्क करणारे आहे.

तिसरी गोष्ट मत्स्यालयातून आली. बघणाऱ्यांचा मार्ग अंधारा आणि प्राण्यांची जागा उजळलेली. त्यामुळे लोकांना प्राणी स्पष्ट दिसत. पिंजऱ्यांत खडक, झाडे आणि रंगवलेली पार्श्वभूमी होती. प्राण्याला चढायला, लपायला आणि अंग घासून कात टाकायलाही त्यांचा उपयोग होत होता.

सुंबावा

त्याच वर्षी त्या घरात दोन अनोखे पाहुणे आले. इंडोनेशियातल्या बेटांवर राहणारे कोमोडो ड्रॅगन विज्ञानाला १९१२ मध्येच माहीत झाले होते आणि युरोपात त्यांच्याबद्दल भीतिदायक कथा पसरल्या होत्या. कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीचाच अवाढव्य भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर तीन मीटरपर्यंत जातो. लंडनला आलेल्या दोघांची नावे सुंबावा आणि सुंबा ठेवली गेली.

जोन यांनी दोघांनाही माणसाळवले. सुंबावा तर इतका शांत झाला की त्याला पिंजऱ्याबाहेर फिरवता येई. १९२८ मध्ये झूऑलॉजिकल सोसायटीच्या बैठकीत त्या कोमोडोविषयी निबंध वाचायला आल्या, तेव्हा सुंबावाही बरोबर होता. शास्त्रज्ञांसमोर त्याने कोंबडी, अंडी आणि कबूतर मटकावले आणि जोन त्याला थोपटत, खाजवत राहिल्या. भयकथांमधला राक्षस नीट ऊब, योग्य अन्न आणि शांत हाताळणी मिळाली की कसा वागतो, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसले. तरीही कोमोडो हा माणसाला गंभीर इजा करू शकणारा प्राणी आहे. तो पाळीव झाला असे जोन यांनी मानले नाही. प्राण्याची भाषा ओळखून त्या वागत.

आजारी सापसरड्यांवरचे उपचारही त्यांच्या कामाचा मोठा भाग होते. या प्राण्यांचे वैद्यकशास्त्र तेव्हा जवळपास नव्हतेच. आजार कशाने होतात, कोणते टाळता येतात आणि कोणत्यावर शस्त्रक्रिया करावी, हे त्यांना स्वतःच शोधून काढावे लागले.

एकीकडे त्यांचे स्वतःचे शरीर साथ सोडत होते. दुखणे वाढत गेले तसे चालणे अवघड झाले. शेवटच्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या खुर्चीत बसून त्या प्राणिसंग्रहालयात फेरी मारत आणि पुष्कळदा सुंबावा त्यांच्यासोबत चालत असे. १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या मुलीला आजारपणामुळे साधी पदवी घेता आली नव्हती, तिचा हा मोठा गौरव होता. त्याच वर्षी २० सप्टेंबरला, वयाच्या ३४व्या वर्षी, रीजेंट्स पार्कजवळच्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचा अर्धपुतळा त्यांच्याच सरपटगृहात बसवला गेला. २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयाने नवे दालन उघडले, तोवर जवळजवळ शतकभर त्या घरात साप, सरडे आणि कासवे राहत होती.

विज्ञान मागून आले

जोन यांनी जे बांधले, त्यामागचे शास्त्र पुढे अधिक पक्के झाले. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी वाळवंटी सापसरड्यांची तापमाने मोजून दाखवले की हे प्राणी आसपासच्या हवेपुढे असहाय नसतात. जागा बदलून ते आपले तापमान एका ठरावीक पट्ट्यात राखतात.

त्यानंतर तीस वर्षांनी आणखी एक गोष्ट कळली. मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग केला, तेव्हा आजारी सरडे नेहमीपेक्षा जास्त गरम जागी जाऊन बसले. म्हणजे त्यांनी स्वतःला ताप आणला. १९७५च्या प्रयोगात आजारी सरडे ठरावीक तापमानात कोंडून ठेवले. ४० ते ४२ अंश सेल्सिअसला ठेवलेल्यांपैकी बहुतेक जगले, ३४ अंशांना ठेवलेले दगावले. आपल्याला ताप आपोआप येतो, सरड्याला तो चालत जाऊन घ्यावा लागतो. पेटीत गरम कोपराच नसेल तर बिचाऱ्याला ताप येणार कुठून?

घरातल्या काचपेटीसाठी

भारतात साप, घोरपड किंवा चांदणी कासव अशा देशी जाती घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अनेक परदेशी जाती पाळतानाही सरकारदरबारी नोंद करावी लागते. तरी लाल कानाचे कासव, बिअर्डेड ड्रॅगन, बॉल पायथन असे परदेशी प्राणी आपल्या शहरांत घरोघरी दिसू लागले आहेत. त्यांच्यासाठी जोन यांच्या घरातले धडे तसेच्या तसे लागू पडतात.

पेटीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा असावा. बॉल पायथनला उबदार बाजू ३१ ते ३३ आणि गार बाजू २४ ते २६ अंशांच्या आसपास मानवते. बिअर्डेड ड्रॅगनला शेकायची जागा ४० अंशांच्या जवळपास लागते, पण गार टोक पंचविशीत हवे. लपायची जागा दोन्ही टोकांना असावी, नाहीतर भित्रा साप ऊब सोडून लपणे पसंत करतो. तापमान हाताने किंवा अंदाजाने न पाहता दोन्ही टोकांना थर्मामीटर लावून पाहावे.

हिटर थर्मोस्टॅटला जोडलेला हवा. थर्मोस्टॅट नसलेला हिटर उन्हाळ्यात पेटीची भट्टी करतो. बहुतेक सापसरड्यांना ४५ अंशांच्या आसपासची शरीराची उष्णता सहन होत नाही, काहींना त्याहून खूप कमीही जीवघेणी ठरते. दिव्याभोवती जाळी असावी, म्हणजे प्राणी त्याला विळखा घालणार नाही. थेट अंगाखाली तापणारे विजेचे दगड टाळलेले बरे. सापसरडे वरून येणाऱ्या उन्हाला सरावलेले असतात. पोटाखाली भाजत असले तरी ते वेळेवर उठत नाहीत आणि गंभीर जखमा होतात. काचपेटी उन्हात ठेवू नये. बंद गाडीसारखी ती काही मिनिटांत तापते.

दिवसा उन्हे घेणाऱ्या सरड्याला आणि कासवाला अतिनील किरणांचा दिवा लागतो. तो मधल्या काचेतून कामाचा नाही आणि उजेड देत राहिला तरी काही महिन्यांनी त्याचे किरण क्षीण होतात, त्यामुळे तो ठरावीक काळाने बदलावा. पाण्यातल्या कासवाला बाहेर येऊन पूर्ण कोरडे होता येईल असा उबदार ओटा हवा. नुसत्या पाण्याच्या भांड्यात, दिव्याशिवाय वाढवलेल्या पिल्लांची पाठ मऊ पडते आणि वेडीवाकडी होते. अशी पाठ दिसली, सापाने खाल्लेले उलटले किंवा सरडा तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, तर आधी तापमान तपासावे आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

दिवा, हिटर, थर्मोस्टॅट आता बाजारात सहज मिळतात. जोन प्रॉक्टर यांच्या वेळी त्यातले फारसे काही नव्हते. जे होते ते त्यांनी अंगणातल्या सरड्याकडे नीट पाहून वापरले. पाळलेल्या सापाला किंवा सरड्याला ऊब दिली की काम अर्धेच होते. ती हवी तेव्हा घेण्याची आणि नको तेव्हा सोडून जाण्याची सोय केली, तरच तो जगतो.